दाराखालचं चिलखत

अमेरिकेतल्या यूटा राज्यात मोआब नावाचं गाव आहे. तिथे लोक हजारेक डॉलर खर्चून गाडीच्या कडेला लोखंड लावून घेतात आणि मग ते लोखंड घासायला दगड शोधत हिंडतात. आमचा भाचा त्यांतलाच. सॉल्ट लेक सिटीत नोकरी करतो, घरी चपलासुद्धा ओळीत लावतो, आणि शनिवार उजाडला की त्याच्या अंगात येतं. त्याच्याकडे टोयोटा टॅकोमा हा ट्रक आहे. (पुढे माणसं, मागे उघडा हौदा, अशा गाडीला तिकडे ट्रक म्हणतात. त्यातून कांदे जात नाहीत, सायकली जातात.)

मोआबपर्यंतचे चार तास मी खिडकीबाहेरच्या डोंगरांची चौकशी करत होतो आणि तो मला रॉकर पॅनल समजावत होता. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, दारांच्या खाली जी पत्र्याची लांबच लांब पट्टी असते ती. बंपर वाकला तर बदलता येतो, दार चेपलं तर दुसरं बसवता येतं. पण ही पट्टी बॉडीलाच वेल्डिंग केलेली. ती चेपली की दार धड लागत नाही, आणि दुरुस्ती म्हणजे कापा, नवी जोडा, रंगवा. शिवाय खडकाच्या पायरीवरून पुढची चाकं पलीकडे गेली, की गाडी टेकते ती नेमकी तिथेच.

“म्हणून स्लायडर, मामा.”

“म्हणजे आपल्याकडे पाय ठेवून चढायला असतो तो फुटबोर्ड?”

भाच्याने पुढचे दोन मैल मौन पाळलं. मग खालच्या आवाजात सांगितलं, की फुटबोर्ड साडीवाल्यांसाठी असतो. दगडावर टेकला तर तो वाकतो आणि स्वतःच पट्टीत घुसतो. स्लायडर म्हणजे पावणेदोन इंची जाड पोलादी नळी, तिचे पाय थेट चासीला जखडलेले, दोन्ही बाजू मिळून 60 किलोंच्या आसपास वजन. म्हणजे आम्ही तिसरा माणूस घेऊनच निघालो होतो, फक्त तो बाहेर लोंबत होता.

मोआबच्या पेट्रोल पंपावर भाच्याची मंडळी भेटली. सगळे गुडघे टेकून टायरमधली हवा सोडत होते. 35 वरून 18 वर आणली की टायर पसरतो आणि खडक घट्ट धरतो. आपल्याकडे दुसऱ्याच्या टायरची हवा सोडतात, इथे स्वतःच्याच. त्यांत एक पांढऱ्या दाढीवाले आजोबा होते, जीप रँग्लरचं रुबिकॉन मॉडेल घेऊन आलेले. त्यांच्या गाडीला कारखान्यातूनच कडेचे लोखंडी रेल येतात, पण ते बॉडीला बसवलेले. झालं, वादाला तोंड फुटलं.

वाद कळायला गाडीचं घराणं कळायला हवं. चासी म्हणजे सासरे: इंजिन, चाकं, सगळा संसार त्यांच्या खांद्यावर. बॉडी म्हणजे जावई: रबरी गाद्यांवर बसवलेला, मोजक्या बोल्टांनी मान राखलेला. दगडाचा फटका सासऱ्यांनी खायचा की जावयांनी, एवढाच प्रश्न. आजोबांचं म्हणणं, बॉडीला लावलेला रेल वर चपखल बसतो, खाली काही लोंबत नाही. खडकावर चासी पिळते, बॉडी रबरावर आपल्या जागी हलते. रेल बॉडीबरोबरच हलल्यामुळे मध्ये फट लागत नाही, फटीत खडे अडकत नाहीत. भाच्याचं म्हणणं, दोन टनांची गाडी धाडकन आपटली की ते वजन पत्र्यावर जातं, आणि ज्याला वाचवायचं तोच चेपतो. जॅक लावला तरी आधी बॉडी उचलली जाते, चाक मागाहून. मला भाच्याचं पटलं. आजोबांची जीप आखूड आणि दाराखालून मजबूत होती, तिचं भागतं. लांब ट्रकला ही चैन परवडायची नाही. हे मत मी मराठीत मांडलं, त्यामुळे वाद वाढला नाही.

मग आम्ही ‘हेल्स रिव्हेंज’ या वाटेला लागलो. नावच नरकाचा सूड. वाट चुकू नये म्हणून खडकावर ज्वाळा रंगवल्या आहेत. सोय आणि इशारा एकदमच. 1952 साली चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला या भागात युरेनियमचा मोठा साठा सापडला, आणि त्या हव्यासापोटी माणसांनी डोंगर खरवडून जागोजागी रस्ते काढले. युरेनियमचा जोर ओसरला, रस्ते राहिले. 1967 पासून दर ईस्टरला तिथे जीपवाल्यांची जत्रा भरते.

सुरुवातीलाच दगडाची अरुंद पाठ. दोन्ही बाजूंना उतार आणि समोर फक्त आकाश. मी दारावरची मूठ धरली. त्या मुठीला तिकडच्या लोकांनी ठेवलेलं नाव कौटुंबिक मासिकात छापता येणार नाही. हा सगळा वाळूच्या टेकड्यांचा झालेला खडक, पॉलिश पेपरइतका खरखरीत. रबर त्याला चिकटतं, लोखंड मात्र घसरतं. घोड्यांचे नाल इथे घसरायचे, आणि स्लायडरचा सगळा धंदा त्याच घसरण्यावर चालतो.

पुढे गुडघाभर उंचीची पायरी आली. आजोबा खाली उतरून हातवारे करू लागले. इथे डावं-उजवं म्हणत नाहीत; ड्रायव्हरच्या बाजूला वळवायचं तर “ड्रायव्हर!”, दुसरीकडे तर “पॅसेंजर!” मी बराच वेळ ओ देत होतो. पुढची चाकं चढली, मग खालून असा कर्रर्र आवाज आला की माझ्या दातांतल्या चांदीने साद दिली. गाडी नळीवर टेकली, कुरकुरत पुढे सरकली. मागच्या टोकाला नळी जरा बाहेर फुगवलेली असते. त्या फुगवट्याने ट्रकचं बूड दगडापासून ढकललं आणि आम्ही सुटलो.

सगळे खाली उतरून वाकले. पट्टी शाबूत, नळीवरचा काळा रंग हातभर खरवडलेला. आजोबांनी अंगठा फिरवून पाहिला आणि भाच्याचा हात हातात घेतला, बारशाला आल्यासारखा. भाच्याने लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सातारला तेव्हा पहाट होती, पण ताई उठलेली असते. तिचं उत्तर आलं: “अरे देवा! कोणी ठोकली? नंबर लिहून घेतलास ना त्याचा?”