औंढ्याचा मुक्काम आणि तांबडा दिवा

मोटार रस्त्यात बंद पडली असता तिच्याभोवती जमणाऱ्या मंडळींत तपासाआधीच निकाल देण्याची जी तत्परता असते, तिचा चतुर्थांश जरी आपल्या दिवाणी न्यायालयांना लाभला असता, तर पुष्कळ वादी आपल्या हयातीतच हुकूमनामा पाहून समाधानाने परलोकी गेले असते. हिंगोलीहून औंढा नागनाथच्या दर्शनास आम्ही निघालो तो दिवस वैशाखातला होता, कायाधूच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसत होती, आणि मामांच्या जुन्या गाडीतील पंखा मात्र, थंड हवेच्या आशेने, अखंड फिरत होता.

संत नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या भक्तीसाठी देऊळच फिरले, अशी औंढ्याची आख्यायिका आहे. नंदी आजही देवळाच्या पाठीमागे बसलेला दिसतो. ज्या भूमीवर दगडी मंदिर फिरले, त्याच भूमीवर दर्शन आटोपून आल्यावर आमचे इंजिन काही केल्या फिरेना. सेल्फ मारला की नुसते टक्, टक्. तात्काळ दहाबारा मंडळी जमा झाली आणि एकमताने ठराव मंजूर झाला की बॅटरी बसली, नवी घ्या.

मामा संतापले. "अरे, गेल्याच दिवाळीत टाकलीय! आणि आमच्या गाडीचा तो बॅटरीचा तांबडा दिवा कधी लागलेलासुद्धा नाही!"

हे वाक्य त्यांनी गाडीच्या निरोगीपणाचा दाखला म्हणून उच्चारले होते. परंतु तेवढ्यात येऊन पोचलेल्या, हाताला ग्रीस लागलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने त्यावर बोट ठेवले.

"चावी मारल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधीबी लागत नाही का?"

"कधीच नाही!"

"मग मामा, बॅटरीला काहून बोल लावता?"

पुष्कळशा जुन्या गाड्यांत चावी फिरवताच तो दिवा इंजिन सुरू होईपर्यंत लागावाच लागतो, कारण त्याच दिव्यातून जाणारा अल्प प्रवाह कार्बनच्या ब्रशांमार्गे अल्टरनेटरच्या फिरत्या रोटरला पहिले चुंबकत्व देतो. दिवा उडालेला असो वा कार्बन झिजून तोकडा पडलेला असो, दिवा लागत नाही आणि चार्जिंगही सहसा होत नाही. मामा ज्याला निर्दोषत्व समजत होते, ते वस्तुतः मौन होते.

एका अनुभवी गृहस्थांनी इंजिन चालू करून बॅटरीची तार काढून पाहण्याचा जुना तोडगा सुचवला. इलेक्ट्रिशियनने तो तेथल्या तेथे बरखास्त केला; तार सुटताच दाब एकदम उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. त्याऐवजी त्याने खिशातून मीटर काढला. बंद गाडीच्या बॅटरीने ११.८ व्होल्ट दाखवले. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. शेजारच्या जीपवरून केबल लावून इंजिन सुरू करून, केबल काढल्यावर, जेथे १४ च्या आसपास आकडा हवा होता तेथे १२ देखील दिसेना आणि तोही हळूहळू उतरत होता. टर्मिनले स्वच्छ, पट्टा घट्ट. म्हणजे बॅटरीची आवक बंद आणि खर्च मात्र, मामांच्या पंख्यासह, सुरू. नवी बॅटरी बसवली असती तरी तीही लवकरच उतरली असती.

इंजिन बंद करून त्याने अल्टरनेटर उघडला. एक कार्बन झिजून एवढासा झाला होता की रोटरच्या स्लिप-रिंगला टेकत नव्हता. नवे कार्बन बसले, बॅटरी अर्धा दिवस चार्जरवर राहिली, आणि तोपर्यंत आम्ही देवळाच्या चौथऱ्यावरील शिल्पे यथास्थित पाहिली, जी एरवी घाईत राहूनच गेली असती. संध्याकाळी इंजिन चालू असताना मीटरवर १४.२ आला. मामांनी चावी फिरवली तेव्हा तांबडा दिवा लागून विझला, आणि त्यांनी दचकून विचारले, "हे काय बिघडलं आता?"

वाचकांपैकी ज्यांच्या गाडीत चावी फिरवल्यावर हा दिवा लागतच नाही, त्यांनी बॅटरीच्या दुकानात जाण्यापूर्वी एकदा इंजिन चालू ठेवून मीटर लावून घ्यावा, ही विनंती.