पंक्चरचा पत्ता

सायकल पंक्चर होणं हा योगायोग. त्याच सायकलचं तेच मागचं चाक पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा बसलं, तरी त्याला योगायोगच म्हणायला माणूस फार देवभोळा तरी असावा लागतो, नाहीतर फार आळशी. रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांत दोन्ही गुण मुबलक आढळतात. तिसऱ्या पंक्चरला कुणी साडेसाती काढतो, कुणी महापालिकेला धरतो, कुणी सोसायटीतल्या पोरांवर डोळा ठेवतो. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं ते चौकातल्या पंक्चरवाल्यावर. हाच मेला रस्त्यात खिळे टाकतो! माझं म्हणणं असं की इथे मोजणीतच चूक आहे. पंक्चर एकच झालंय, भोकं तीन पडलीत. गुन्हेगार पहिल्या दिवसापासून टायरच्या आत मुक्कामाला आहे, आणि आपण दर वेळी ट्यूबला ठिगळ लावून घरी येतो आहोत.

पंक्चर काढताना दुकानात काय चालतं ते एकदा नीट बघा. चाक न काढताच टायर एका बाजूने उतरवतात, ट्यूब बाहेर ओढतात, हवा भरून घमेल्यातल्या काळ्या पाण्यात थोडी थोडी बुडवत नेतात. बुडबुड्यांची माळ वर आली की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. मग त्या जागी पेन्सिलची खूण, कानशीने घासणं, सोल्यूशनचं बोट, दोन फुंकरा, पॅच आणि वरून हातोडीचे ठोके. सगळं कसब, सगळं लक्ष ट्यूबवर. ज्याच्या पोटात काटा रुतलाय तो टायर मात्र शेजारीच लोंबत असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. फार तर एक बोट आतून भर्रकन फिरतं. तेवढ्यात सापडेल असा ऐवजच तो नसतो. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून रस्त्यावर सांडणारी पोलादी तार केसाहून फार जाड नसते. टायर रिकामा असताना ती रबरात दडून बसते, आणि वर माणूस बसून टायर दबला की डोकं बाहेर काढते. ट्यूब परत आत जाते, हवा भरली जाते, पैसे दिले जातात. दोन दिवसांनी पॅचच्या शेजारी नवं भोक.

यावर कुणी म्हणेल, शेजारी पडलं तरी योगायोग असू शकतो की! असू शकतो, आकडेमोड करून बघू. आपल्याकडच्या अठ्ठावीस इंची सायकलच्या टायरचा घेर साधारण २२० सेंटीमीटर भरतो. पहिल्या भोकापासून अलीकडे चार बोटं आणि पलीकडे चार बोटं मिळून धरा १५ सेंटीमीटर. म्हणजे दुसरं भोक निव्वळ नशिबाने त्याच टापूत पडण्याची शक्यता पंधरात एक. तिसरंही तिथेच पडलं, तर सव्वादोनशेत एक. शनीबद्दल पूर्ण आदर ठेवूनही म्हणावं लागतं की चार बोटांच्या अंतरात तीनदा नेम धरणं हे त्याच्या कामाच्या पद्धतीत बसत नाही.

म्हणून भोकापेक्षा भोकाचा पत्ता महत्त्वाचा, आणि तो घ्यायला वेगळं हत्यार लागत नाही. टायरवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. चाक जोडताना ते नाव व्हॉल्व्हसमोर आणून ठेवलं, की पुढे कधीही ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती वितींवर आहे ते बघायचं आणि टायरवर तितक्याच विती मोजून तिथेच शोध घ्यायचा. बोट घालू नये, काच असली तर रक्त निघतं. कापसाचा बोळा फिरवावा. जिथे तंतू अडकले तिथे चोर आहे. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर रस्ता, पोरं आणि महापालिका तिघेही निर्दोष सुटतात. रिमपट्टी सरकलीय आणि एखाद्या स्पोकचं टोक निपलमधून वर आलंय, एवढाच त्याचा अर्थ. दोन भोकं आजूबाजूला, सापाच्या दातांसारखी, असतील तर आरोपी हवा भरायला विसरणारा मालक स्वतःच. खड्ड्यात आदळताना मऊ टायर दबतो आणि ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटली जाते. हवा किती भरायची हे टायरच्या कडेवर छापलेलं असतं, पण तिथवर कोण वाकतो? आपल्याकडे दाब अंगठ्याने मोजायची पद्धत आहे, आणि अंगठा आपल्याच बाजूने साक्ष देतो.

आता खिळ्यांचा सिद्धान्त. कुठे कुणी टाकतही असेल, मी शपथ घेत नाही. पण खिळा फार उघडा गुन्हेगार आहे. तो टायरमध्ये डोक्यासकट दिसतो, उपटून फेकता येतो, आणि तिथे त्याची कामगिरी संपते. पुन्हा पुन्हा छळणं त्याच्या स्वभावात नाही. ते काम तारेचं, काचेच्या कणाचं, नाहीतर सराट्याच्या मोडून आत राहिलेल्या टोकाचं. सराटा कुणी पेरावा लागत नाही. पावसानंतर तो मोकळ्या जागेत आपण होऊन पसरतो, आणि त्याच्या फळाची घडणच अशी की कसंही पडलं तरी एखादा काटा आभाळाकडे उभा. त्यात सायकलवाला चालतो रस्त्याच्या कडेने आणि पावसाचं पाणी रस्त्यावरचा सगळा बारीकसारीक ऐवज आणून ठेवतं तेही कडेलाच. इतकी चोख व्यवस्था असताना पंक्चरवाल्याने पदरचे पैसे खर्चून खिळे का आणावेत?

'सकाळी साडेनऊला कापूस फिरवत बसायला वेळ कुणाला आहे?' हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पण इतिहास थोडा वेगळाच बोलतो. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये, मुलाच्या तीनचाकीला भरीव टायरचे धक्के बसतात म्हणून हवेचा टायर केला. (किर्लोस्करांचा उद्योगही आपली सुरुवात १८८८ सालच्या बेळगावातल्या सायकल दुकानापासूनच मोजतो, दुखणं आणि धंदा एकाच वर्षी जन्मले.) तो टायर रिमला चिकटवलेला असे. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला एक सायकलस्वार असलाच पंक्चर टायर घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात आला. दुरुस्तीला काही तास गेले आणि चिकटवलेलं वाळायला अख्खी रात्र. त्या वैतागातून १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर निघाला, आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत त्यावर जिंकली. म्हणजे टायर उघडून आत डोकावण्याची सोय आपल्याला सव्वाशे वर्षांपासून आहे, आणि आपण ती फक्त ट्यूब ओढून काढायला वापरतो. पाच मिनिटं वाचवायची म्हणून दर आठवड्याला अर्धा तास सायकल ढकलत न्यायची, ही काटकसर मला उमगत नाही.

भरीव टायर घाला म्हणणाऱ्यांनी डनलॉपच्या मुलाची तक्रार आठवावी. ट्यूबमध्ये ओतायचा द्रव बारीक भोकं बुजवतो खरा, पण तार आतच राहते. नवी ट्यूब घातली तरी तार तिचंही तितक्याच आपुलकीने स्वागत करते.

आणि एवढं सगळं करूनही रात्री भरलेली हवा सकाळी गेलेली असेल, तर मुळात पंक्चर नसेलही. आपल्या साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये नळीवर चढवलेली एक रबरी वॉलट्यूब असते. ती कुजते, चिरते आणि हवा गुपचूप सोडते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावलं आणि फुगा आला, की निकाल लागला. दोन-चार रुपयांचं काम. पण यात ना शनी गुंतवता येतो, ना पोरं, ना पंक्चरवाला. म्हणून ही तपासणी बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी होते.