घरात कर्णा, दारात कर्णा

कोलकात्यात कर्ण्यांची टंचाई आहे, अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही. पूजेचे मंडप आणि प्रचारसभा ती येऊच देत नाहीत. तरीही हौशी माणूस चांदनी चौकातून स्पीकरचा ड्रायव्हर आणतो आणि घरी कर्ण्यासाठी प्लायवूडला रंधा मारत बसतो. १९०२ साली याच शहरात गायिका गौहर जानचा आवाज मुद्रित झाला तो कर्ण्यातून, कारण विजेचा अॅम्प्लिफायर नव्हताच. पुढे ट्यूब अॅम्प्लिफायरचे दोन-चार वॅट महाग होते, म्हणून चित्रपटगृहांनी कर्णे लावले. आज वॅट स्वस्त आहेत, महाग आहे ती जागा.

यावर उत्तर तयार असतं: कर्ण्यात ड्रायव्हरचा पडदा कमी हलतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो. ते खरंच आहे. पण ५० हर्ट्झचा खर्ज हवा तर लहर सुमारे सात मीटरची, आणि मोकळ्यावर ठेवलेल्या कर्ण्याच्या तोंडाचा घेरही साधारण तेवढाच, म्हणजे व्यास सव्वादोन मीटर! कोपऱ्यात ठेवला की भिंतीच तोंडाचं काम करतात, हे अमेरिकी अभियंता पॉल क्लिप्शने १९४०च्या दशकात दाखवलं. मान्य, पण फ्लॅटच्या कोपऱ्यात गोदरेजचं कपाट आहे, त्यावर बॅगा आहेत, आणि पावसाळी हवेत फुगणाऱ्या सांध्यांना क्लिप्शचं नाव ठाऊक नाही. शिवाय चांगला कर्णा एका वॅटला मीटरभर अंतरावर शंभर डेसिबल देतो. निवासी भागातली रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ आहे.