सर्व्हरवाला

महाड-पोलादपूर पट्ट्यातला सर्व्हरवाला बहुधा पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरीला असतो. २०२०च्या टाळेबंदीत तो लॅपटॉप घेऊन घरी येतो आणि इथेच रमतो. भातशेती चुलते बघतात, हा सर्व्हर बघतो. आपले शब्द कुठल्याही बड्या कंपनीच्या ताब्यात द्यायचे नाहीत, हा त्याचा बाणा.

त्याचे दैवत मास्टोडॉन हे समाजमाध्यम. जर्मनीत ऑयगेन रोख्को याने २०१६ साली ते सुरू केले. भारतात त्याचा बोलबाला झाला नोव्हेंबर २०१९मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले तेव्हा. रागावून तिकडे गेलेले पुष्कळ जण लवकरच परतले. सर्व्हरवाला परतला नाही. मास्टोडॉनला एक मालक नसतो. हजारो स्वतंत्र सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या सामाईक नियमावलीने एकमेकांशी बोलतात, त्यामुळे महाडात लिहिलेले बर्लिनमध्ये वाचता येते. हे तो चहाच्या टपरीवर समजावतो. ऐकणारा विचारतो, "यावर स्टेटस ठेवता येतं का?"

त्याच्या स्वतःच्या सर्व्हरचे यंत्र म्हणजे जुना डेस्कटॉप, नाहीतर हातभर वायरींत हरवलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक. महाडात ते कुठे ठेवायचे हा गंभीर प्रश्न असतो. २००५ आणि २०२१ला पुराचे पाणी बाजारपेठेत शिरल्यापासून मोलाची वस्तू माळ्यावर जाते. म्हणून सर्व्हरही माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. मे महिन्यात पत्रा तापला की घरातला टेबलफॅन त्याच्या दिमतीला जातो. पोलादपूरच्या वाड्यांवर पुरापेक्षा लाईटची धास्ती जास्त. आंबेनळी घाटात ढग उतरायचा अवकाश, इन्व्हर्टर सुरू होतो. खाली मेणबत्ती, माळ्यावर हिरवा दिवा.

खरी गोची पत्त्याची. इंटरनेट कंपन्या बऱ्याचदा एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरच्याला थेट या घरी येता येत नाही. त्यावर उपाय म्हणून सर्व्हरवाला एका कंपनीचे यंत्र महिन्याच्या भाड्याने घेतो आणि सारी वाहतूक त्यातून बोगद्याने माळ्यापर्यंत आणतो. कंपन्यांपासून मिळालेल्या या स्वातंत्र्याचे बिल दरमहा कार्डावर येते. डोमेनचे वेगळे, वर्षातून एकदा.

डिस्क भरण्याचे कारणही मजेशीर आहे. तो स्वतः आठवड्याला दोन ओळी लिहितो. पण ज्यांना तो फॉलो करतो त्यांच्या पोस्टींतली चित्रे त्याचा सर्व्हर स्वतःकडे साठवून घेतो. परिणामी पोलादपूरच्या माळ्यावर जपानी मांजरांचा अनेक जीबींचा संग्रह होतो.

गणपतीत मात्र त्याची सत्ता संपते. मुंबईचे चाकरमानी येतात, मखराला दिव्यांची माळ लावायची असते आणि एक्स्टेंशन बोर्डावर एकच जागा अडवलेली दिसते. आई निर्विकारपणे प्लग काढते. मास्टोडॉनमध्ये सात वेगवेगळ्या दिवशी निरोप पोहोचला नाही की पाठवणारा सर्व्हर त्या पत्त्याला अनुपलब्ध धरतो. दीड दिवसाच्या गणपतीत निभावते. अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असलेल्या घरात जगाशी संबंध तुटतात आणि विसर्जनानंतर पुन्हा जुळवावे लागतात.

एवढे करून वर्षाअखेर या सर्व्हरवर दोन खाती असतात. दुसरे त्यानेच चाचणीसाठी उघडलेले असते.