सप्ताहाआधी पेटी सुरात लावताना कानांची घ्यावयाची काळजी

पियानोचा कारागीर कानात बोळे घालून बसतो. दोनशेहून जास्त तारा, आणि प्रत्येक सूर पक्का बसावा म्हणून पट्टी दणकून हाणायची. कान जपणे त्याला भागच आहे. शहापूर-मुरबाडच्या गावांत हा मान भजनी मंडळाच्या पेटीला आहे. वर्षभर ती देवळाच्या माळ्यावर उंदरांच्या हवाली असते आणि सप्ताह चार दिवसांवर आला की अचानक बेसूर होते.

आधी शांत जागा शोधावी. शोधून झाल्यावर आहे तिथेच बसावे. आसनगावच्या अंगाला नाशिक महामार्गाचे ट्रक, मुरबाडच्या अंगाला माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या, आणि आत गावात शिरलात तर भाताची गिरणी. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत तर हे काम पत्करूच नये. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव का सांगतात, ते अशा गलक्यात उभे राहिल्यावर पटते.

लग्नसराई असेल तर शेजारी हळद असणारच, आणि हळदीला डीजे. वस्तीत रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, दहानंतर भोंगा नको, असे २००० सालचे नियम सांगतात. हळद मात्र तेव्हाच रंगात येते.

आता बोळे. फोमचा बोळा चिमटीत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढावा, बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. या आसनात पाहिल्यावर मंडळी आपल्याला मोठा कारागीर समजतात. यानंतर पेटीचे वरचे, बारीक सूर ऐकू येईनासे होतात. डीजेचा धमाका मात्र बोळ्याला फारसा जुमानत नाही. उरलेला जमिनीतून बैठकीमार्गे पोचतो. म्हणजे जे ऐकायचे तेवढेच बंद होते. शिवाय स्वतःचे गुणगुणणे कवटीत असे घुमते, की आपण भीमसेनजी असल्याचा भास होतो. त्या भरात पितळी पत्तीला कानस लावू नये. पत्तीचे मोकळे टोक खरवडले की सूर चढतो, रिव्हेटजवळ खरवडले की उतरतो. घासलेले पितळ परत चिकटत नाही. घासल्यावर पत्ती गार होऊ द्यावी, गरम पत्तीचा सूर खोटा. ४४० आणि ४४२ कंपने एकत्र वाजली की सेकंदाला दोन हेलकावे येतात. ते मोजायला एक कान उघडा लागतोच.

मग दुसऱ्या कानातला बोळा कशाला? तो सल्लागारांसाठी. पेटी उघडली की पाराच्या कडेने माणसे जमतात. एकाला ती काळी दोनमध्ये हवी असते, दुसऱ्याच्या आजोबांनी अशीच पेटी मेण लावून दुरुस्त केलेली असते, आणि पखवाजवाले बुवा कणीक मळता मळता, "मास्तर, जरा चढीच ठेवा," एवढेच सांगतात. बोळेवाला कान यांच्याकडे करावा आणि मान डोलवावी. सगळे समाधानाने घरी जातात.

बिदागीचा विषय निघाला की तोही बोळा काढावा. बुवा तेव्हाच हरिपाठ सुरू करतात.