सीनियर आर्टिकल

सीएच्या ऑफिसात सगळ्यात मोठा माणूस कोण, असं विचारलं तर बाहेरचे लोक सरांचं नाव घेतात. सर फक्त सही करतात. मोठा असतो तो सीनियर आर्टिकल. वय बावीस, दाढी नुकतीच धरू लागलेली, पाठीवर सॅक, आणि बोलण्याचा रुबाब असा की टाटा-बिर्लांच्या पहिल्या ताळेबंदावर यानंच टिका मारल्या असाव्यात.

मी भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात हिशेब सांभाळते. दरवर्षी ‘ऑडिटची पोरं’ येतात. आमच्याकडे ज्या खोलीला कॉन्फरन्स रूम म्हणतात, तिथे सॅम्पलचे खोके सरकवून त्यांना बसवतात. मुलं बदलतात, सीनियर बदलत नाही. म्हणजे माणूस दुसरा असतो, पण खुर्चीत तोच बसतो: एक पाय हलवत, चहाचा कप लेजरवर ठेवत, आणि नव्या पोराला सांगत, “आधी लास्ट इयरचं वर्किंग बघ. मग मला विचार.”

सीए व्हायचं तर नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, तिचं नाव आर्टिकलशिप, आणि ती करणारा तो आर्टिकल. ही उमेदवारी बराच काळ तीन वर्षांची होती; जुलै 2023 पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी ती दोन वर्षांवर आली. याचा एक परिणाम कोणी फारसा लक्षात घेतलेला दिसत नाही. पूर्वी सीनियर व्हायला चांगलं मुरावं लागे. आता पोरगा एका गणपतीत चाचरत येतो आणि पुढच्या गणपतीत सीनियर होऊन येतो. (गणपती अशासाठी, की टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबरची मुदत आणि मोदक यांची गाठ ठरलेलीच. सीनियरला मोदक डब्यातून खावे लागतात आणि तो ते आपल्याला ऐकवतो.)

ज्युनियर मला ‘मॅडम’ म्हणतो. सीनियर ‘काकू’ म्हणतो. मॅडमकडून व्हाउचरची फाइल दुपारी मिळते आणि काकूंकडून लगेच, हे ज्ञान त्यानं अनुभवातून मिळवलेलं असतं. “काकू, एप्रिलचं बँक स्टेटमेंट परत एकदा मेल कराल का? काय झालं, ते ज्युनियरकडून...” ज्युनियर समोरच बसलेला असतो. त्याला ते स्टेटमेंट कधी मिळालेलंच नसतं. तरी तो मान खाली घालतो. हाही शिक्षणाचाच भाग.

नव्या पोराच्या क्वेरी वाचायला मला मनापासून आवडतात. ‘व्हाउचर क्र. 212 वर सही नाही.’ ‘व्हाउचर क्र. 240 वर रेव्हेन्यू स्टॅम्प नाही.’ पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट चिकटवावं लागतं, हे त्याला आदल्याच दिवशी कळलेलं असतं आणि जगातला सगळा भ्रष्टाचार त्या एका रुपयात दडलाय अशा जोमानं तो कामाला लागतो. सीनियर ती यादी घेतो, वरून खाली नजर टाकतो आणि म्हणतो, “मटेरियल नाहीये.” म्हणजे रक्कम इतकी किरकोळ की तिच्यावर शाई घालवू नये. हे वाक्य तो दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की कॅन्टीनमध्ये भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच म्हणतो.

त्याचे काही नेमधर्म आहेत. एक्सेलमध्ये माउसला हात लावायचा नाही. सगळं कीबोर्डवर, तेही टकटक आवाज व्हायला हवा. हिरवं पेन कुणाला द्यायचं नाही. सरांचा फोन आला की उभं राहून, खोलीच्या बाहेर जाऊन घ्यायचा, बाहेर “हो सर, नाही सर, चालूच आहे सर”, आणि आत आल्यावर “सरांना मी सांगितलंय.” एप्रिल उजाडला की त्याच्या बँक ऑडिटच्या कथा सुरू होतात. तालुक्याच्या कुठल्याशा शाखेत कॅश क्रेडिटच्या एका खात्यात 31 मार्चला गलेलठ्ठ पैसे आले आणि 3 एप्रिलला जसेच्या तसे परत गेले. खातं थकलेलं दिसू नये म्हणून कुणीतरी तेवढ्यापुरतं पाणी घातलेलं. ते यानं पकडलं. मॅनेजर घामाघूम झाले. जेवणात त्या दिवशी बासुंदी होती. ही गोष्ट मी तीन वेगवेगळ्या सीनियरांकडून ऐकली आहे. तपशिलात फरक एवढाच, की एकाच्या वेळी श्रीखंड होतं.

पण त्याला नुसता बढाईखोर म्हणून सोडून देता येत नाही.

31 मार्चच्या संध्याकाळी आमच्या स्टोअरमध्ये मालाची मोजणी असते. एका वर्षी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती. हातात यादी, पॅडला क्लिप, केसात धूळ. स्टोअरवाला बेअरिंगचे डबे काढून देत होता, ती मोजून यादीवर टिक करत होती. सगळं जुळलं. खुशीत येऊन तिनं शेवटची टिक जरा लांब मारली. इतक्यात सीनियर वडापाव घेऊन उगवला.

“झालं?”

“हो. सगळं टॅली आहे.”

“आता उलटं कर.”

तिला कळेना. त्यानं वडापाव डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं जिन्याखालच्या तीन खोक्यांकडे बोट दाखवलं. “ते यादीत कुठंय?”

ते यादीत नव्हतं. खोक्यांत पितळी बुश होते. स्टोअरवाला म्हणाला, “ते आपलं नाही हो. पार्टीचा माल आहे, जॉबवर्कला आलाय.” “चलन दाखवा.” चलन निघालं, आकडा जुळला. मुलगी म्हणाली, “मग ठीकच आहे ना?” तो म्हणाला, “ठीकच आहे. पण तू बघितलं नव्हतंस. यादी घेऊन रॅककडे गेलं की फक्त यादीतलंच दिसतं. रॅककडून यादीकडे पण यायचं. लिहून ठेव, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी हे आपलं म्हणून धरेल.” आणि उरलेला अर्धा वडापाव तिला दिला.

हे तिच्या पुस्तकात असणारच. तिनं ते पाठही केलं असणार, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले असणार. मला गंमत वाटते ती सांगणाऱ्याची. हा स्वतः अजून सीए नाही. फायनल अजून पुढेच आहे. सीएंच्या संस्थेनं ठरवलेला किमान स्टायपेंड कैक वर्षं मोठ्या शहरातसुद्धा पहिल्या वर्षी महिना हजार रुपयांच्या घरात होता. आता वाढलाय, पण मुलांच्या चहा-वडापावाच्या खर्चाची बरोबरी करताना अजूनही दमतो. शिकवण्याचे तर त्याला कुणीच पैसे देत नाही. तरी बेरीज जमेना झाली की तो ज्युनियरच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. “फरक किती? 2,700? नऊनं भाग जातोय. आकडे उलटे पडलेत कुठेतरी. शोध.” आणि 4,730 च्या जागी 7,430 सापडतो. मग तो काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं मोबाईल बघत बसतो, पण कान ज्युनियरच्या “अरे हो!” कडे असतात.

ऑडिट संपवून पोरं गेली की मी खोली आवरते. रद्दी झालेल्या प्रिंटांच्या पाठीवर सह्या सापडतात, लपेटेदार, खाली दोन रेघा, आणि प्रत्येकीच्या आधी ‘सीए’. काही सह्यांत ‘सीए’ नावापेक्षा मोठं. ते कागद मी श्रेडरमध्ये घालत नाही, नुसतेच रद्दीत ठेवते.

फर्मचं बिल नंतर येतं, आणि त्याला जोडून वरखर्चाचं व्हाउचर. यंदाच्या व्हाउचरवर होतं: ‘रिक्षा, शिवाजीनगर ते भोसरी, जाऊन-येऊन.’ नऊ दिवसांची. मी स्वतः सीनियरला रोज मित्राच्या बाइकवरून उतरताना बघितलेलं, हेल्मेट हातात. फोन लावला.

“अरे, ह्याला सपोर्टिंग कुठंय?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग अत्यंत अनुभवी आवाजात:

“काकू, मटेरियल नाहीये.”

मी अर्धी रक्कम कापली आणि बाकीची पेट्रोल म्हणून पास केली. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, की पेट्रोलचं बिल मित्राच्या नावावर आहे, चालेल ना? मी कळवलं, लास्ट इयर काय केलं होतं ते बघ.