अर्ध्या दिवसात अख्खं लोणावळा

लोणावळ्यात गाडीवाल्यांचं गणित सोपं आहे : पॉइंट जितके जास्त, तितकं गिऱ्हाईक खूश. पावसाळ्यात लायन्स पॉइंट आणि टायगर पॉइंट, दोन्हीकडे तेच पांढरं धुकं दिसतं. पण मोजताना दोन धरायचे. मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात मात्र सगळे निवांत. नटाच्या खांद्यावर हात ठेवून घरटी एक फोटो व्हायलाच हवा, आजीसकट.

कार्ल्याला पायथ्याशीच तंबी मिळते, “अर्ध्या तासात खाली या हं!” साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढून धापा टाकत चैत्यगृहात शिरावं, छताच्या दोन हजार वर्षं जुन्या लाकडी कमानींकडे मान वर करावी, तोच ड्रायव्हरचा फोन. हाच गृहस्थ पुढे चिक्कीच्या दुकानात “सावकाश घ्या, ताई” म्हणतो. का, ते दुकानदाराला विचारा.

कार्ल्याहून जुनी भाजे लेणी बहुधा वगळलेलीच. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. गाडीवाल्याच्या यादीत यायला अजून वेळ आहे. त्यापेक्षा लोकलने मळवलीला उतरा आणि चालू लागा. चिक्की काय, परतताना लोणावळा स्टेशनवरही मिळते.